चार नांगरांची खोली

फार वर्षांपूर्वी भाटवणात कौलं आली नव्हती. घरांच्या डोक्यावर पेंढा असायचा आणि माणसांच्या डोक्यावर म्हातारे. पेंढा निदान दर वर्षी बदलायचे.

भाटवण खाडीच्या तोंडाशी बसलेलं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये माडांच्या वाड्या आणि वाड्यांत घरं. सगळी घरं एका साच्यातली. पुढे पडवी, मागे पडवी, बाजूला चूल, आणि या सगळ्याच्या पोटात एक खोली. तिला मधली खोली म्हणायचे. जांभ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, एकच दार, खिडकी नाही. भर दुपारी आत दिवा लागायचा. पोर जन्मायचं ते त्या खोलीत, आणि माणूस मरायला टेकलं की त्यालाही तिथेच आणून निजवायचे.

वादळ आलं की घरातली सगळी माणसं मधल्या खोलीत शिरायची. ती खोली गावात सगळ्यात भक्कम, असं म्हणतात. भिंती भक्कम होत्या, ते खरंच. पण त्या खोलीच्या डोक्यावर एकही गाठ नव्हती.

म्हणजे काय, ते नीट ऐका. बाकी घराचे वासे काथ्याच्या दोरीने करकचून बांधलेले असायचे. मधल्या खोलीवरचे वासे आणि आढं मात्र नुसतं ठेवायचे, खाचेत खाच बसवून. कारण जीव आढ्यातून येतो आणि आढ्यातून जातो, असं म्हणतात. वर गाठ मारली की वाट बंद. मग जन्मणारं अडतं आणि मरणारं अडकतं. म्हणून घरात बाईला कळा लागल्या की सगळ्या गाठी सोडायचे. बायांचे अंबाडे सोडायचे, बाजेची सुंभं ढिली करायचे, गोठ्यातल्या गाईचं दावंसुद्धा काढायचे. गाय जायची भटकत. बाळंतीण इकडे, गाय तिकडे, आणि घरातले बापये गाय शोधायच्या निमित्ताने गावभर.

हे कुणी ठरवलं होतं? म्हाताऱ्यांना विचारलं तर ते त्यांच्या म्हाताऱ्यांकडे बोट दाखवायचे, आणि ते मेलेले. मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. म्हणून जिवंत म्हाताऱ्यांना तो फार सोयीचा.

या गावात ठकू सून म्हणून आली.

ती खाडीपलीकडची, एका तांडेलाची पोर. बापाचं गलबत होतं. वादळात, गलबतावरच ती जन्मली आणि बापाने तिला डोलकाठीला बांधून ठेवलं म्हणून जगली, असं म्हणतात. हे बहुतेक कुणीतरी मागाहून चिकटवलंय. पण गाठी तिला येत होत्या. शिडाची गाठ, नांगराची गाठ, ओली झाली की आवळत जाणारी गाठ, एका हिसक्यात सुटणारी गाठ. मुलीच्या जातीला गाठी कशाला शिकवायच्या, असं तिच्या बापाला कुणी विचारलं नाही, कारण तो बहुतेक वेळ समुद्रात असायचा आणि समुद्रात असले प्रश्न पडत नाहीत.

ठकूचा सासरा रावजी. गावचा जाणता. माडावर चढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ऐकून घेण्यात त्याच्याइतका बहिरा कुणी नव्हता. कमरेच्या आकडीत कायम कोयता. नवरा भिवा गलबतावर कामाला, घरी असला तरी बापासमोर नसल्यासारखाच. घरात थोरली जाऊ वेणू होती, तिचा नवरा त्याच पावसाळ्यात समुद्रात गेला होता, तिची तीन-चार वर्षांची पोर मंजुळा होती, आणि वेणूच्या कडेवर एक तान्हा.

कार्तिकात भात कापून झालं आणि वादळ आलं. रावजीने सगळ्यांना मधल्या खोलीत बसवलं. दार लावलं, दिवा लावला. बाहेर माड मोडत होते, आणि आतली माणसं भिंतींना पाठ लावून बसली होती. ठकू वर बघत होती. तिला आवाज वेगळा लागला. वासे खाचेत नाचत होते.

"मामंजी," ती म्हणाली, "वरचं सुट्टं आहे."

"सुट्टंच असतं," रावजी म्हणाला. "गप बस."

मग भांड्यावरचं झाकण उचलावं तसं वाऱ्याने खोलीचं छप्पर उचललं. सगळं एकदम गेलं असतं तरी बरं होतं. अर्धं गेलं, आणि आढं परत खाली आलं. ते वेणूच्या छातीवर पडलं. तान्हा तिच्या छातीशीच होता.

मंजुळा ठकूच्या मांडीवर होती, म्हणून राहिली.

वादळ गेल्यावर गाव गोळा झालं. पाच-सहा घरांत हेच झालं होतं, सगळ्यात भक्कम खोलीत बसलेली माणसं सगळ्यात आधी गेली होती. म्हातारे घरोघर समजूत घालत फिरले. रावजीने आपल्या पडवीत बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "वाट मोकळी होती म्हणून जीव अडकले नाहीत. सुखाने गेले."

ठकूच्या केसांत अजून पेंढा होता. सासऱ्यासमोर सुनेने तोंड उघडायची रीत नव्हती. तिने उघडलं.

"सुखाने? वेणूताईच्या छातीवरनं आढं उचलायला तिघे लागले, मामंजी. त्यात तुम्हीपण होता."

रावजीने पान जुळवायला घेतलं. असल्या वेळी म्हाताऱ्यांना पान बरं आठवतं.

घर परत उभं करायची वेळ आली. ठकू म्हणाली, मधल्या खोलीवर गाठी मारू या. रावजी हसला.

"काय गो ठके, हे घर आहे. गलबत नव्हे."

"गलबतावर सुट्टं काही ठेवत नाहीत. म्हणून ती माणसं परत येतात."

"आणि बाळंतपणं? मरणं? जीव कुठनं जायचे?"

"दारानं जातील. आपण सगळे दारानंच जातो."

रावजीने परत पान जुळवायला घेतलं.

मग ठकूने विचारायचं सोडून दिलं. गावातले बापये सकाळी माडावर चढले की ती कामाला लागायची. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात पुरून कुजवायची, बडवायची, काथ्या काढायची, दोर वळायची. हे काम बायकांचंच, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. एक बाई दिवसभर दोर वळत बसली आहे, यात बघण्यासारखं काय होतं? मनगटाएवढा जाड दोर झाला तेव्हाही कुणी विचारलं नाही. बायका काय करतात हे न बघण्याची सवय कधीकधी बायकांच्या उपयोगी पडते.

तिच्या बापाने मोडीत काढलेल्या गलबताचे दगडी नांगर होड्यांतून पाठवले. मधे भोक पाडलेले मोठाले धोंडे. ते एकटीने उचलले, असं म्हणतात. एकटीने नव्हे. माहेरच्या खलाशांनी भरतीला दारापर्यंत आणून टाकले, आणि पुढे तिने ओंडक्यांवरून ढकलत आत नेले. मधल्या खोलीच्या चार कोपऱ्यांत चार खड्डे खणून चारही नांगर जमिनीत पुरले. नांगराच्या भोकातून दोर ओवून वर काढला. पेंढ्याच्या खाली माडाच्या फळ्यांचा माळा घातला, म्हणजे पेंढा गेला तरी डोक्यावर लाकूड राहील. फळ्या तुळयांना बांधल्या, तुळया वाशांना, वासे आढ्याला, आणि ते सगळं चार कोपऱ्यांतल्या चार दोरांनी खाली नांगरांना आवळलं. दाराला आतून जाड अडसर केला. छोटी मंजुळा जळत्या काडीचा उजेड धरून उभी राहायची आणि विचारायची, "काकी, आता घर वर जाईल?"

"जाऊ दे की बघू," ठकू म्हणायची.

गाठी दिसल्या त्या दिवशी गाव देवळात जमलं. गुरवाने कौल लावला. पाकळी कुठल्या बाजूला पडली हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही, कारण निकाल पाकळीच्या आधीच पडला होता. ठकूने गाठी सोडाव्यात. नाही सोडल्या तर गावाने सोडवाव्यात. पण हातानेच, कोयता लावायचा नाही. गाठ कापली की वंश कापला जातो, असं म्हणतात, आणि तिथे म्हणाला तो रावजी.

"सोडवा," ठकू म्हणाली. "ज्याला जमेल त्याने."

जाणते आले. एकेकाने नखं लावली. नखं मोडली. बाळोबा म्हणून एक होता, त्याने दात लावला आणि पुढचा दात गाठीतच ठेवून गेला. जितकं ओढावं तितकी गाठ आवळत होती. ठकूच्या गाठीत समुद्राची देवी येऊन बसली होती, असं म्हणतात. देवी नव्हती हो. खाऱ्या पाण्यात भिजवून मारलेली गाठ होती, आणि ती सोडवायची तर आधी थोडं ढिलं द्यावं लागतं. ढिलं देणं त्या म्हाताऱ्यांच्या रक्तातच नव्हतं.

त्यांनी ठकूला वाळीत टाकलं. विहीर बंद, विस्तव बंद, बोलणं बंद. ती खाडीकाठच्या झऱ्याचं मचूळ पाणी प्यायली. रावजीने आपली वळकटी उचलली आणि पुढच्या पडवीत मांडली. गाठी मारलेल्या खोलीत पाय ठेवणार नाही, असा पण केला. स्वतःच्या घरात तो असा पाहुण्यासारखा वर्षानुवर्षं पडवीत राहिला, ठकूच्या हातचं जेवला आणि ठकूशी बोलला नाही. भिवा यायचा तो बापाशी पडवीत बोलायचा, बायकोशी आत बोलायचा, आणि दोघांनाही होय म्हणून परत गलबतावर जायचा.

ठकू दर वर्षी पावसाआधी दोर बदलायची. जुना काढून नवा. वयाने मोठा म्हणून तिने कुठल्या दोराची गय केली नाही.

मंजुळा मोठी झाली. वाळीतल्या घरची पोर गावात कोण करणार? खाडीपलीकडे दिली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, आणि माहेर म्हणजे ठकू.

वैशाख सरत होता, भिवा गलबतावर होता. त्या दिवशी सकाळी खाडीतले खेकडे ओळीने वर आले आणि अंगणातून चालत टेकडीकडे निघाले. पिकल्या केळीच्या सालीसारखं आभाळ पिवळं पडलं. कावळे बोलेनात. ठकूने चारही दोर हाताने ठोकून बघितले. ताठ वाजले, तसं तिला बरं वाटलं. आणि त्याच वेळी मंजुळाने भिंत धरली.

"काकी," ती म्हणाली, "सुरू झालं गो."

वारा सुटायच्या आत ठकूने भागी सुईणीला ओढत आणली. भागी आली आणि तिने सवयीने ठकूचा अंबाडा सोडला, मंजुळाच्या लुगड्याची गाठ सोडली, बाजेचं सुंभ ढिलं केलं. मग तिने वर बघितलं.

"त्याला हात लावायचा नाही," ठकू म्हणाली.

भागी म्हणाली, "मी कशाला लावू? इतकी बाळंतपणं केली, आढ्यातनं पडलेलं एकही पोर बघितलं नाही. सगळी खालनंच आली. पण हे बापयांना सांगायचं म्हणजे त्यांना बघायला बोलवावं लागेल."

मंजुळा कळ सोसता सोसता हसली. तेवढंच हसणं झालं.

दुपारी वारा सुटला. आधी एका घरावरचं मधलं छप्पर उडालं, मग दुसऱ्यावरचं. पतंग जावेत तशी एकामागून एक छपरं वर गेली. सगळ्यांच्या वाटा मोकळ्या होत्या ना. मग माणसं धावत आली ती एकाच घराकडे. वर्षानुवर्षं ज्या अंगणातून कुणी चाललं नव्हतं, त्या अंगणात चेंगराचेंगरी झाली. पुढे बायका आणि पोरं, मागे बापये, सगळ्यात मागे म्हातारे. म्हातारे हळू चालतात म्हणून मागे, असं म्हणतात.

ठकू दारात अडसर धरून उभी राहिली. तो अडसर तिने लावला असता तर तिला कुणी बोल लावू शकलं नसतं. गाव गेलं असतं आणि ती राहिली असती. तिच्या मनात ते आलं. आलं नाही असं समजू नका. तिने मचूळ पाणी प्यायलं होतं. तिला एकेकाचा चेहरा पाठ होता.

तिने अडसर बाजूला घेतला.

"आत या," ती म्हणाली. "भिंतीला लागून बसा. मधे बाळंतीण आहे."

बाळोबा आत आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाळोबा, तहान लागली तर कोपऱ्यात घागर आहे. विहिरीचं नाही. चालेल ना?"

बाळोबाने मान खाली घातली. पाणी मात्र प्यायला.

शेवटी रावजी उरला. पडवी त्याच्या डोक्यावरून उडाली होती आणि तो नुसता खांबाला मिठी मारून उभा होता.

"मामंजी, या," ठकू म्हणाली. "तुमचंच घर आहे."

तो आला. खोली माणसांनी भरली. वर पेंढा गेला, त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. फळ्या राहिल्या. वारा फळ्यांखाली बोटं घालून उचकटत होता, आणि चार दोर तुणतुण्याच्या तारांसारखे वाजत होते. खोली समुद्रात असल्यासारखी डुलली, असं म्हणतात. पण डुलून जागेवर येत होती.

एकच गोष्ट पुढे सरकत नव्हती. मंजुळा अडली होती.

भागी घामाने निथळत होती. मंजुळाच्या ओरडण्यात आता जोर राहिला नव्हता. आणि मग म्हाताऱ्यांनी सुरू केलं. आधी पुटपुटत, मग मोठ्याने. वर गाठी आहेत. वाट बंद आहे. म्हणून अडलीय. पोर मरणार, पोरीला घेऊन मरणार. ज्या गाठींखाली ते जिवंत बसले होते, त्याच गाठींना ते शिव्या देत होते, आणि त्यातल्या एकालाही त्यात काही चूक वाटत नव्हती.

रावजी मंजुळाकडे बघत होता. तिच्यावर त्याचा जीव होता, हे खोटं नाही. वेणू गेल्यावर, पोर लहान होती तोवर, तो तिला मांडीवर घेऊनच जेवायचा. पण जीव असला म्हणून अक्कल येते असं नाही. प्रेम करणाऱ्या म्हाताऱ्यांनी या गावात जेवढी माणसं मारली, तेवढी वैऱ्यांनी मारली नाहीत.

तो उठला. आकडीतला कोयता काढला. ठकूची पाठ होती. गाठ कापली की वंश कापला जातो, असं ज्याने भर देवळात सांगितलं होतं, त्यानेच एका घावात कोपऱ्यातला दोर कापला.

आवाज झाला आणि माळ्याचा तो कोपरा वर उचलला गेला. फळ्यांमधून आभाळ दिसलं. काळंनिळं, फिरणारं. सगळ्या गावाने वर बघितलं. वाट मोकळी झाली होती, अगदी त्यांना हवी तशी. त्या वाटेने कुठला जीव आला नाही. वारा आला आणि पाऊस आला, आणि दिवा विझला.

ठकूने हवेत फडफडणाऱ्या दोराचं टोक धरलं. ती जमिनीवरून उचलली गेली. पुन्हा खाली आली. तिने दोर कमरेभोवती घेतला, हाताला वेढे दिले आणि पाय भिंतीच्या बुडाला रोवले.

"मामंजी," ती म्हणाली. ओरडली नाही, असं म्हणतात, आणि तरी वाऱ्याच्या वर ऐकू आलं. "तुम्ही कापलात. तुम्ही धरा."

रावजीने तिच्यामागे दोर धरला. सुनेचा शब्द त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. आणि किती वेळ धरला? एक मोठा झोत येईपर्यंत. हाताचं साल गेलं, तसा त्याने दोर सोडला आणि लहान पोरांच्या घोळक्यात जाऊन बसला, गुडघ्यात डोकं घालून. गावचा जाणता.

दोर ठकूच्या हातांत आत गेला. कातड्यातून आत. तिच्या टाचा जमिनीत रुतल्या, घोट्यापर्यंत रुतल्या, असं म्हणतात, आणि तरी ती सरकत होती.

तेव्हा बाळोबाची सून उठली. याच बाईने विहिरीवर ठकूची घागर पालथी घातली होती. तिने ठकूच्या कमरेला मिठी मारली. मग आणखी एक बाई उठली. मग आणखी. ज्यांची पोरं कडेवर होती त्यांनी ती म्हाताऱ्यांच्या मांडीत टाकली आणि उठल्या. बायकांची एक लांब ओळ झाली, एकीच्या कमरेला दुसरीचे हात, आणि टोकाला ठकू. ओळीतली प्रत्येक बाई ठकूला तिचा श्वास लागेल इतकी जवळ होती, आणि इतकी वर्षं तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

माळ्याचा कोपरा खाली आला. परत उचलला. परत आला.

"भागे," ठकू म्हणाली, "काय चाललंय तिकडे?"

"येतंय," भागी म्हणाली. "तू तुझं बघ."

वाऱ्याच्या एका दमात पोर आलं. तीन कोपऱ्यांवर गाठी तशाच घट्ट होत्या, चौथ्या कोपऱ्याला बायका लटकल्या होत्या, आणि पोर रडलं. ते रडणं ऐकून वारा थांबला, असं म्हणतात. वारा कुणाचं ऐकून थांबत नाही. तो पुढे आणखी कितीतरी वेळ सुटलेलाच होता. पण खोलीत ते रडणं वाऱ्यापेक्षा मोठं होतं, एवढं खरं.

भागीने अंधारात हात पुढे केला. "दोरा द्या कुणीतरी. नाळ बांधायची आहे."

दोरा कुठून असणार? सगळं सोडलेलं, सगळं उडालेलं.

"इथनं घे," ठकू म्हणाली.

भागी चाचपडत आली. कापलेल्या दोराच्या टोकातून तिने काथ्याची एक मऊ बट उपसली, नाळेला गुंडाळली आणि गाठ मारली. मग ती पोरांच्या घोळक्याकडे वळली.

"रावजीबा, बघताय ना? गाठ मारली मी. नाही मारली तर पोर मरतं. माझ्या आज्जीपासून आम्ही मारत आलोय, तुमच्याही नाळेला मारली असेल. वाट बंद झाली का, असं कधी कुणी विचारलं नाही. कारण तेव्हा तुम्ही सगळे पडवीत असता."

रावजीने डोकं वर केलं नाही.

संध्याकाळी वारा पडला. गावात एकच छप्पर उरलं होतं आणि त्याखाली सगळं गाव जिवंत होतं.

ठकू जागच्या जागी दगड झाली, तिची देवी झाली, असं म्हणतात. कोण म्हणतं ते बघा. म्हातारे म्हणतात. बाईची देवी केली की ती उलट बोलत नाही. मंजुळाच्या वंशातल्या बायका वेगळं सांगतात. त्या सांगतात, ठकू पुढे पुष्कळ जगली. तिचे हात मात्र परत उघडले नाहीत, दोर धरल्यासारखे कायमचे मिटून राहिले. मंजुळा तिला घास भरवायची.

रावजी तिच्याकडे गेला होता, हेही त्या सांगतात. तो म्हणाला, "सूनबाई, चुकलं. तुझं देऊळ बांधतो."

ठकू म्हणाली, "देऊळ नको. बाळोबाच्या घरी मधली खोली उभी राहतेय. तिथे जा आणि दोर धरा. या वेळी मी सांगेपर्यंत सोडू नका."

तो गेला. दोर धरून उभा राहिला. ठकू दारात बसून बघत राहिली. तिने त्याला माफ केलं का, असं पोरं विचारतात. नाही केलं. ज्याचं त्याला काम लावून दिलं.

ती गेल्यावर म्हाताऱ्यांनी तिची घुमटी बांधलीच. बांधताना छपराला गाठ मारायची ते विसरले. पहिल्या पावसात छप्पर खाडीत गेलं. ते परत कुणी घातलं नाही, आणि आजही ती घुमटी बोडकी उभी आहे.

आता कौलं आली, काँक्रीट आलं. तरी भाटवणात घर बांधायला घेतलं की मधली खोली आधी बांधतात, आणि तिच्या चार कोपऱ्यांत चार धोंडे पुरतात. पोर जन्मलं की पाचव्या दिवशी त्याच्या मनगटाला काथ्याची बट बांधतात, ती ठकूच्या नावाची. आणि वैशाख सरताना एक दिवस असा येतो की त्या दिवशी घरोघरच्या मधल्या खोलीत नवा दोर घालतात. गाठ मारायची घरातल्या सगळ्यात धाकट्या सुनेने. दोराचं टोक धरून उभं राहायचं घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बापयाने. त्याने बसायचं नाही, पान खायचं नाही आणि बोलायचं नाही. सून "सोडा" म्हणेपर्यंत दोर सोडायचा नाही.

गाठ तशी लगेच बसते. पण "सोडा" कधी म्हणायचं, हे सुनेच्या हातात. काही जणी लगेच म्हणतात.

काही जणी आधी जेवून घेतात.